कोरड्या रेडिएटरवर जळगाव ते धुळे

या ग्रुपवर इतरांचे गूढ अनुभव वाचून मी बऱ्याचदा हसलोय, हे आधीच कबूल करतो. जळगावात हायवेलगत माझं गॅरेज आहे, अठरा वर्षं झाली. गाडीतून विचित्र आवाज आला तर बेअरिंग गेलेलं असतं, यापलीकडे मी कधी गेलो नाही. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखंच होतंय...

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळचे साडेदहा. असोद्याच्या अक्का गाडी घेऊन आल्या. रिटायर्ड शिक्षिका, पासष्टी ओलांडलेली, तरी गाडी स्वतःच चालवतात. शेजारी त्यांचे मिस्टर, तात्या. तात्यांचं हार्टचं ऑपरेशन धुळ्याला झालेलं, तिथल्याच डॉक्टरांकडे तपासणीला निघाले होते.

"भाऊ, टेंपरेचरचा काटा वरच जात नही रे. खालीच बसेल हाये," अक्का म्हणाल्या.

मी खुर्चीतून उठलोसुद्धा नाही. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी एक झडप असते – थर्मोस्टॅट. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, म्हणून उन्हाळा लागला की आम्ही मेकॅनिक लोक ती सरळ काढून टाकतो. पुस्तकात काहीही लिहिलेलं असो, इकडे सगळे हेच करतात. अक्कांच्या गाडीची मीच काढली होती. झडप नाही, म्हणून इंजिन गार. निदान तयार!

"गार चालतेय ना? मग उलट चांगलंच. बिनधास्त जा, कुठे थांबू नका," मी म्हणालो.

तात्या हसले. "पाह्य, आपल्यापेक्षा गाडीचीच तब्येत बरी हाये."

ते गेल्यावर गाडी उभी होती तिथे ओल दिसली. एसीचं पाणी असेल म्हणून दुर्लक्ष करणार होतो, पण सहज बोट लावलं. चिकट. हिरवट. कूलंट, म्हणजे रेडिएटरचं पाणी! रेडिएटर रिकामा झाला की तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडतो, आणि तेव्हाही काटा खालीच राहतो. बोनेट उघडून बघायला मला एक मिनिट लागलं असतं.

अक्कांना चार फोन केले. उचलला नाही, गाडी चालवताना त्या उचलतच नाहीत. पाण्याचा कॅन बाइकला बांधला आणि निघालो. एरंडोल गेलं, पारोळा गेलं... प्रत्येक झाडाखाली बघत होतो. भर उन्हात बंद पडलेली गाडी आणि आत तात्या, दुसरं काही डोळ्यांपुढे येतच नव्हतं. खरं सांगतो, घाबरलो होतो.

गाडी सापडली ती थेट धुळ्याच्या हॉस्पिटलच्या आवारात, उन्हात उभी. वॉचमन म्हणाला, येऊन दहा मिनिटं झाली असतील.

बोनेट उघडलं. चटका बसणार हे धरूनच हात लावला – इंजिन गार. माठाला हात लावावा तसं. वरचा पत्रा उन्हाने पोळत होता आणि खाली हे! टोपण उघडलं तर रेडिएटर ठणठणीत कोरडा. खालचा पाइप फाटलेला, त्यावर फडकं आवळून बांधलं. पाच लिटरचा कॅन ओतला, सगळा आत गेला, वाफेचा एक लोट नाही.

तेवढ्यात अक्का बाहेर आल्या. पारोळ्याच्या पुढे तात्यांना धाप लागली, घाम फुटला. "एकदा वाटलं थांबून पाणी पाजावं. पण तू म्हटलं होतं ना, थांबू नको... म्हणून दाबत आणली. डॉक्टर म्हणे, अजून उशीर झाला असता तर हाती काही राहिलं नसतं." मग म्हणाल्या, "एसी बंद केला होता रे, तात्यायले थंडी वाजत होती म्हणून. तरी पायाशी गार हवा येतच होती."

मी बोनेट लावून टाकलं.

नंतर इंजिन खोलून पाहिलं. जळाल्याची खूण नाही, काही नाही. पाइप बदलला, नवा थर्मोस्टॅट बसवला, तेव्हापासून काटा बरोबर मध्यावर. धुळ्यातल्या एका जुन्या मिस्त्रींना, नानांना, विचारलं. ते म्हणाले, "बिनपाणीनी गाडी इतली लांब येतच नही भाऊ. तू चुकी राहिना."

चुकलो तर होतोच, पण कुठे, ते नानांना सांगितलं नाही.

अक्का अजून असोद्यात सांगतात की माझ्या एका शब्दामुळे तात्या वाचले. त्यांना खरं सांगायचं धाडस अजून झालेलं नाही. इंजिन का तापलं नाही, मला माहीत नाही. तापलं असतं तर माझ्या त्या शब्दानेच तात्या गेले असते, एवढं मात्र माहीत आहे.