जाड कोपऱ्यातला तुकडा

बंगळुरात माझ्यावर मराठीत पहिल्यांदा कोणी ओरडलं ते बोम्मसंद्र्याच्या एका फाउंड्रीत. "अगं ए, बाजूला हो, पाय भाजून घेशील!" ओरडणारे होते ओतकामाचे मुख्य मिस्त्री. सगळे त्यांना अण्णा म्हणत. घराणं कित्येक पिढ्या इकडचं, मराठीत अर्धी कानडी मिसळलेली. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी नागपूरहून धातुशास्त्र शिकून आलेली, तपासणी विभागातली एकुलती एक मुलगी. त्या ओरडण्यानं मी इतकी खूश झाले की दुपारी डबा घेऊन थेट त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

मग ते रोजचंच झालं. मल्लेश्वरमहून अक्का, म्हणजे त्यांची बायको, माझ्यापुरता वेगळा डबा देऊ लागल्या. त्यांचं सारू, म्हणजे पातळ आमटी, माझ्या वऱ्हाडी जिभेला मिळमिळीत लागे आणि मी ते तोंडावर सांगे. अण्णा म्हणत, "स्वल्प भात तरी घे गे, वाऱ्यानं उडशील." अख्ख्या शहरात मला अगं-तुगं करणारं ते एकच माणूस होतं.

त्याच वर्षी नेमबाजीच्या रायफली बनवणाऱ्या एका कारखान्यानं विचारणा केली. रायफलीचा मधला सांगाडा, जो प्रत्येक गोळी सुटतानाचा धक्का झेलतो, तो पोलादाऐवजी ओतीव अॅल्युमिनियमचा चालेल का? वजन बरंच कमी झालं असतं. अण्णांचं ते निवृत्तीआधीचं शेवटचं मोठं काम. महिनाभर ते साच्यांमागे लागले होते. पहिला चांगला सांगाडा त्यांनी माझ्या हातात ठेवला तो तान्हं मूल द्यावं तसा.

चाचणीसाठी वेगळी कांडी ओतायची रीत असते. त्याच धातूची, पण सुटी, लोखंडी साच्यात झटकन थंड झालेली. अण्णांची कांडी उत्तम उतरली. मी मात्र हट्टाला पेटले. सांगाड्याचा सगळ्यात जाड कोपरा सावकाश थंड होतो, दोष राहिला तर तिथेच राहतो, म्हणून तिथूनच तुकडा कापून घेतला आणि ताणयंत्रात लावला. तो जरासुद्धा न लांबता खटकन तुटला. तुटल्या जागी इडलीसारखी बारीक जाळी होती.

डोक्यात हवा गेली होती माझ्या. मी तडक अहवाल टाइप केला: "ओतकाम सच्छिद्र. ट्रिगरभोवतीच्या कडीसाठी चालेल, सांगाड्यासाठी अयोग्य." आणि तो मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवला. अण्णांना आधी सांगावं, हे मला सुचलंसुद्धा नाही.

मालकांनी त्यांना सगळ्यांदेखत बोलावलं. बाहेर आल्यावर अण्णा माझ्या टेबलाशी थांबले. मी घाईघाईनं म्हटलं, "अण्णा, मी तुम्हाला दाखवणारच होते." त्यांनी तुटलेला तुकडा उचलून पाहिला, खाली ठेवला आणि कानडीत म्हणाले, "सरी मॅडम." ठीक आहे, मॅडम. त्यानंतर ते माझ्याशी कानडीत बोलत, नाहीतर इंग्रजीत. अक्कांचा डबाही बंद झाला. तीन महिन्यांनी ते निवृत्त झाले. समारंभात मी लांबूनच नमस्कार केला.

अयोग्य हे उत्तर बरोबरच होतं. आजही मी तेच देईन. त्या सांगाड्यामागे कोणाचा तरी चेहरा असणार होता. पण पुढे कितीतरी कारखान्यांचे तसले तुकडे तोडले, तेव्हा एक गोष्ट उमगली. जाळी नसती तरी तो सांगाडा मी नापासच केला असता. ओतीव अॅल्युमिनियमचा तो मिश्रधातूच तसा, धक्का बसला की वाकत नाही, तुटतो. जगातल्या कुठल्याही मिस्त्रीनं ओतला असता तरी तेच झालं असतं.

हे समजेपर्यंत अण्णा गेले होते. मल्लेश्वरमला अक्कांकडे जाऊन मी ते सांगितलं, सावकाश, मराठीत. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "मग तसं लिहायचं होतंस की गे," म्हणाल्या.