दोन पितळी पिना

बाबा गेले तेव्हा पंधरा दिवसांसाठी म्हणून मी बोरगाव मेघेला आईकडे आले, त्याला चार महिने झाले होते. नवऱ्याचे फोन उचलत नव्हते. बाबांची जुनी जर्मन दुनळी बंदूक अजून कपाटातच होती. ती ठाण्यात जमा करायची, पण कधी साहेब सुटीवर, कधी तारीख पुढे. एरवी राग माझ्या नाकावर असतो. याचा मात्र आला नाही, उलट बरंच वाटलं.

दुपारी आई झोपली की मी ती मांडीवर घेऊन बसायची. काय हात असेल त्या कारागिराचा! दोन भागांच्या सांध्यात केसही शिरणार नाही. पोलादावर कुठल्याशा तिकडच्या झाडाची पानं कोरलेली, शिरा न् शिरा दिसणारी. घोडे, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या हातोड्या, आत लपलेले. बंदूक मधून मोडून उघडली की ते आपोआप चढतात आणि तांदळाएवढ्या दोन पितळी पिना वर येतात, अंधारातही बोटाला कळावं म्हणून. घोडे चढलेले राहिले तर स्प्रिंगा मरतात, म्हणून बाबा शिंगाची दोन काळी खोटी काडतुसं भरून चाप ओढायचे. पिना खाली बसायच्या, काळी काडतुसं आतच राहायची. हे त्यांनी फक्त मला शिकवलं होतं. आईनं तर बंदुकीला हात लावलेला मी कधी पाहिलाच नव्हता.

एका दुपारी बोट फिरवलं तर पिना वर. मीच विसरले असेन म्हणून खाली बसवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. मग आठवणीनं बसवल्या, दोनदा चाचपल्या. तरी तिसऱ्या दिवशी वर. भूतबित मी मानत नाही, शेजारच्या काकूंना यावरून कितीदा चिडवलंय. पण तेव्हा माझी पाचावर धारण बसली. खरं सांगते, भीतीपेक्षाही जास्त वाटलं ते हे, की बाबा बोलावताहेत. आणि जावंसं वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी आंघोळीला जाते म्हणाले, नळ सोडला आणि दाराआड उभी राहिले. आई आली. सराईत हातानं तिनं बंदूक मोडली, आत वाकून पाहिलं, मिटली, पदरानं पुसली. पिनांकडे तिचं लक्षही नव्हतं.

माझं डोकंच सटकलं. तुला जीव द्यायचाय का, म्हणून मी ओरडले. ती शांतपणे पलंगावर बसली. म्हणाली, रिटायर झाले त्या वर्षी बाबा एकदा खरी, लाल काडतुसं भरून एकटेच बसले होते. तेव्हापासून रोज, ते आंघोळीला गेले की, आत काळीच आहेत ना हे ती पाहायची. बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही, असं ती म्हणाली; पिनांचं तिला ठाऊकच नव्हतं.

"मंग आता पुन्हा काऊन पाह्यते? बाबा तं गेले."

तिनं उठून बंदूक आत ठेवली आणि कपाटाची कडी लावली.

"दुपारी तू तिले मांडीवर घेऊन बसतं," ती म्हणाली. "मी झोपत नाई. पाह्यत राह्यतो."