गाडीची अक्षरं

वन्सं गेल्या ही बातमी मला मुरबाडच्या एसटी स्टँडवर कळली. गावातला एक जण टोकावड्याच्या गाडीतून उतरला आणि म्हणाला, "काकी, तू इथं काय करतेस? तुझी नणंद गेली. ओट्यावर, बसल्या जागी..." मी लगेच रडले नाही. आधी पिशवीचं तोंड आवळून धरलं. आत सातबाराचा उतारा होता. वन्संनी माझ्या पाठीमागे जमिनीचं काही केलंय का, ते बघायला मी त्याच सकाळी कचेरीतून तो काढला होता.

यमुनाबाई माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. शहापूरला दिली होती. मूलबाळ नाही म्हणून नवऱ्याने दुसरी केली, तशा या एक ट्रंक आणि एक जाडजूड इंग्रजी डिक्शनरी घेऊन आमच्याकडे आल्या. गाड्यांच्या पाट्यांवर नवं 'एमएच' दिसायला लागलं, त्या सुमाराची गोष्ट. त्या मॅट्रिक, मी चौथी. आमचं घर माळशेजच्या रस्त्याला लागून. भांडी घासून झाली की वन्सं ओट्यावर बसत, जाणाऱ्या गाडीच्या पाटीवरची अक्षरं वहीत उतरवत आणि डिक्शनरी उघडत. एम, एच आणि पुढची एक-दोन अक्षरं. ती सगळी ज्यात येतील असा इंग्रजी शब्द शोधायचा. क्रम कसाही चालेल, पण एकही अक्षर गळता कामा नये. सापडला की शब्दाखाली रेघ मारायची, नाही सापडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पान. हा खेळ मला पुढे समजला. तेव्हा एवढंच दिसे, की बाई गाड्यांचे नंबर लिहून घेते. कशाला?

माझा नवरा वारला आणि सातबारावर वन्संच्या नावाशेजारी माझं नाव लागलं. पुढे मुंबईच्या गाड्या रस्त्यात थांबून शेतांचे भाव विचारायला लागल्या. एकदा एका दलालाची पांढरी जीप आमच्याच दारात थांबली. मी विहिरीवरून बघत होते. तो वन्संशी हसून बोलला, वन्संही हसल्या. तो गेला आणि यांनी वही उघडली. दुसऱ्या दिवशी त्यांचा डोळा लागल्यावर मी ती वही पदराखाली घालून दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे नेली. त्या म्हणाल्या, "आजी, नुसते शब्द आहेत. अर्थ काही लागत नाही."

"अर्थ नसलेलं कोन लिवतं? जमिनीचं काय हाये का बघा."

त्यांनी पानं उलटली. "शेवटी फार्महाऊस लिहिलंय. खाली दोन रेघा आहेत."

झालं. त्या संध्याकाळी माझा भात करपला. जेवताना मी विचारलं, "वन्सं, फार्महाऊस कोन बांधतंय?"

त्यांनी घास खाली ठेवला. "वही कोनाला दाखवलीस गो, वयनी?"

"मी कशाला दाखवू?"

"मंग पानाला हळद कशी लागली?" आणि त्या एवढ्या हसल्या, की ठसका लागला. "अगो, जीपवर ए आन् आर होतं. एम, एच, ए, आर... फार्महाऊसमधे चारी बसतात. दलालाच्या गाडीतून हाच शब्द निघाला म्हनून दोन रेघा मारल्या."

मला पटलं नाही. दलालाच्या गाडीतून नेमका हाच शब्द बरा निघतो! माझं तोंड बघून त्या म्हणाल्या, "इस्वास नाय ना? मंग अक्षरं शिक आन् सोता बघ." मी शिकले, ते त्यांच्यावर नजर ठेवायला. एम म्हणजे दोन डोंगर, एच म्हणजे एका पायरीची शिडी. पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. पाट्या दिसेनात, तेव्हा मीच अक्षरं सांगू लागले. "वयनी, खोटं सांगू नको, शब्द निघत नाय." मी म्हणायची, "तुमीच खोटे शब्द काढत असाल, मला काय कळतंय?" अशी बरीच वर्षं गेली. हिस्सा मागणार का, हे मी तोंडावर कधी विचारलं नाही. त्यांनीही कधी सांगितलं नाही.

वन्सं गेल्या त्या सकाळी मुरबाडला जाणारी एक नवीच जीप दारात थांबली. "कुटं चाललीस?" "दात दाखवायला." "जाता जाता अक्षरं सांग गो." मला वाटलं, मी कोणत्या गाडीने, कुठे जाते, ते हिला लिहून ठेवायचंय. मी म्हटलं, "दिसत नाय. चिखल लागलाय." पाटी धुतल्यासारखी स्वच्छ होती.

उताऱ्यावर दोघींची नावं होती तशीच होती. वन्संनी काहीही केलं नव्हतं. करायचं राहून गेलं असेल, असंही मनात आलं... खोटं कशाला सांगू.

दिवसकार्य झाल्यावर वही उघडली. शेवटच्या पानावर एम आणि एच, पुढे दोन अक्षरांएवढी जागा मोकळी. ती जीप आता रोज सकाळी दारात थांबते. बी आणि आर. परवा मीच ती अक्षरं त्या जागेत लिहिली. माझा आर जरा वाकडा आलाय. आता दुपारी डिक्शनरी घेऊन ओट्यावर बसते आणि एकेका शब्दावर बोट ठेवून चारही अक्षरं आहेत का बघते. अजून ए सरलेला नाही. असा शब्द आत आहे की नाही, कोण जाणे. डिक्शनरीवरही माझा भरवसा नाही, म्हणून एकही पान सोडत नाही.