अकराची काच

दुसऱ्या वेळेलाही फिश आय आले तेव्हा मी स्प्रे गन खाली ठेवली आणि ड्राय बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनला टेकून नुसती उभी राहिले.

फिश आय म्हणजे रंगात पडणारे बारीक गोल खड्डे. रंग मारला की तो सगळीकडे सारखा पसरायला हवा. पण खाली तेलाचा अगदी बारीक कण जरी असला, तरी रंग त्याच्यापासून लांब पळतो आणि मध्ये गोल भोक राहतं. माशाच्या डोळ्यासारखं दिसतं म्हणून हे नाव. त्या मंगळवारी समोरच्या बेझलवरून असे तीस-चाळीस मासे माझ्याकडे बघत होते.

आता बेझल म्हणजे काय ते सांगते. गाडीचा हेडलाइट उघडला तर पुढे पारदर्शक काच असते, जी खरं तर प्लास्टिकची असते. मागे काळं खोकं, ते हाउसिंग. आत चांदीसारखी चमकणारी वाटी, ती रिफ्लेक्टर. आणि वाटीभोवती शोभेची चौकट, ती बेझल. लोक येऊन म्हणतात, "मॅडम, हाउसिंग आतून काळं करून द्या." त्यांना बेझल काळं हवं असतं. रिफ्लेक्टरला रंग तर सोडाच, बोटसुद्धा लावायचं नाही. उजेड रस्त्यावर फेकायचं काम तो करतो. तो काळा केला तर गाडी दिसेल देखणी आणि चालेल आंधळी.

हे मला माहीत होतं, कारण मी भोसरीच्या एका हेडलॅम्प कारखान्यात सोळा वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होते. मग कंपनीने आमची लाइन दुसऱ्या राज्यात हलवली. आम्हाला हार, पाकीट आणि स्टीलचा डबा देऊन घरी पाठवलं. मी वारज्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, ड्राय बाल्कनीत, हेडलाइट रंगवायला सुरुवात केली. खराडीला तेव्हा काचेच्या इमारती भराभर उभ्या राहत होत्या. तिथली मुलं पहिल्या पगारात फोन घ्यायची आणि पुढे कधीतरी सेकंडहॅण्ड गाडी. गाडी आली की तिला नटवायची हौस. नवऱ्याला मी म्हटलं होतं, "सहा महिने बघते. नाही जमलं तर मिळेल ती नोकरी धरते." हा सहावा महिना होता.

गिऱ्हाईक होता वानखेडे. मूळचा अमरावतीचा, खराडीत सॉफ्टवेअरमध्ये. गाडी त्याच्या वडिलांनी निवृत्तीनंतर घेतलेली. त्यांनी ती मुलाला दिली होती, आणि आता मुलीची पाठवणी त्याच गाडीतून व्हावी असा त्यांचा हट्ट होता. वानखेडेला ती सजवून न्यायची होती. शनिवारी त्याने गाडी आमच्या पार्किंगमध्ये लावली. पुढच्या शनिवारी पहाटे तो अमरावतीला निघणार होता.

अडचण एकच होती. त्या मॉडेलचं उत्पादन कधीच थांबलं होतं. दिवे बिघडले तर दुसरे मिळणार नव्हते. मी जुन्या बाजारात आधीच चौकशी केली होती.

रविवारी दिवे उघडले. काच आणि खोकं एका काळ्या चिकट पट्टीने जोडलेली असतात. गरम केल्याशिवाय ती सुटत नाही. कारखान्यात त्यासाठी ओव्हन होता. घरी मी सासूबाईंच्या लग्नातली पत्र्याची ट्रंक घेतली, तिला एका बाजूला भोक पाडलं आणि त्यातून हॉट एअर गन आत सोडली. ट्रंक मागितली तेव्हा त्या, म्हणजे आमच्या आई, एवढंच म्हणाल्या होत्या, "ने. त्यात आता माझं काय राहिलंय? डांबराच्या गोळ्या."

सोमवारी बेझल घासलं, पुसलं, प्रायमर मारला, काळा रंग मारला. खड्डे आले. मला वाटलं, कॉम्प्रेसरमधून तेल येत असेल. नवा फिल्टर बसवला. रंग घासून काढला आणि मंगळवारी पुन्हा मारला. पुन्हा खड्डे.

रंग घासून काढायलाही मर्यादा असते. प्रत्येक वेळी बेझलच्या धारा थोड्या बोथट होतात. थिनरने काढावा तर जुनं प्लास्टिक तडकतं. माझ्या अंदाजाने आणखी एकदा जमलं असतं. त्यानंतर ते बेझल फेकायच्या लायकीचं झालं असतं, आणि त्याबरोबर माझं दुकानही.

वानखेडेला फोन केला. लपवण्यात अर्थ नव्हता.

"मॅडम, सरळ सांगा न. होते का नाही?"

"शुक्रवारी सांगते."

"शुक्रवारी सांगून मी काय करू जी? शनिवारी निघाचं आहे मले."

"आणखी एक संधी आहे. ती घाईत घालवायची नाहीये."

तो म्हणाला, "ठीक आहे. पण बाबांना मी अजून काही सांगत नाही." त्याने आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

मग मी भोसलेसाहेबांना फोन लावला. ते आमच्या पेंट शॉपचे, म्हणजे कारखान्यातल्या रंगविभागाचे, हेड होते. रिटायर होऊन कात्रजला राहत होते. त्यांचा दरारा असा, की त्यांच्या शॉपमध्ये केसांना तेल लावून आलेल्या माणसाला ते गेटवरूनच परत पाठवत. पावडर नाही, गजरा नाही, क्रीम नाही.

"केसांना काय लावलंय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. नमस्कार-चमत्कार नंतर.

"काही नाही सर."

"कापड?"

"नवीन."

"मग गायकवाडबाई, सोपं आहे. पूर्वी खड्डे येत होते?"

"नाही. पहिल्या पाच-सहा कामांत एकही नाही."

"मग मध्ये काहीतरी बदललंय. कापड स्वच्छ, रंग आणि मशीन तेच असणार. राहिली हवा. हवेची परीक्षा कशी घ्यायची, आठवतंय, की सगळं त्या निरोपाच्या स्टीलच्या डब्यात बंद करून ठेवलंत?"

आठवत होतं. जुन्या फोटो फ्रेमच्या तीन काचा काढल्या आणि स्वच्छ पुसल्या. बुधवारी पहिली काच सकाळी आठला अर्धा तास बाल्कनीत उघडी ठेवली, मग तिच्यावर रंग मारला. दुसरी अकराला, तिसरी दुपारी तीनला. प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून पेन्सिलीने वेळ लिहिली. आठची काच आरशासारखी. तीनचीही. अकराच्या काचेवर खड्डेच खड्डे.

अकराला काय होतं, हे मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. ती काच बाल्कनीत होती तेव्हाच स्वयंपाकघरातून मोहरी तडतडल्याचा आवाज आला होता. आमच्या स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट फॅन ड्राय बाल्कनीत उघडतो. फोडणीचा धूर, म्हणजे तेलाचे बारीक कण, थेट माझ्या बेझलवर.

आणि बदललं काय होतं, तेही कळलं. पहिली पाच-सहा कामं केली तेव्हा स्वयंपाक मी करत होते. पहाटे उठून सगळं उरकायचं आणि मग गन हातात घ्यायची. महिन्याभरापूर्वी आई एकदा म्हणाल्या, "तू तुझं दुकान बघ. पोळ्या-भाजी माझ्याकडे." अडुसष्ट वय, दोन्ही गुडघे गेलेले. थंडीत साडेनऊपर्यंत त्यांचे पाय सरळ होत नसत, म्हणून त्यांचा स्वयंपाक अकराला. घरात कोणीही मागितली नसताना केलेली ही मदत होती. तिच्यामुळेच मला कामाला पूर्ण दिवस मिळत होता. त्या महिन्यात काचा चकचकीत करायचीच कामं आली होती, रंगाचं हे पहिलंच.

आणि आता त्यांना जाऊन सांगायचं, की तुमच्या फोडणीने माझं काम नासतंय?

मी वेळ बदलता येते का पाहिलं. तीन कोट, प्रत्येकानंतर सुकायला अवधी. बेझल सहा-सात तास उघडं राहतं. ते थंडीचे दिवस होते. सकाळी साडेआठच्या आत रंग धरत नव्हता, संध्याकाळी पाचनंतर सुकत नव्हता. कसंही मोजलं तरी मध्ये अकरा येतच होते. घरात दुसरी जागा नव्हती. हॉलमध्ये पडदे, गाद्या आणि धूळ.

मी काचा तशाच ठेवून विचार करत बसले. आई बाल्कनीच्या दारात आल्या. आत कधी येत नसत. "केसांना तेल आहे माझ्या, मी दारातूनच बोलते," हा नियम त्यांनी आपणहून घालून घेतला होता. त्या दिवशी दारातूनच त्यांनी चष्मा नीट केला.

"आठची स्वच्छ. तीनची स्वच्छ. आणि ह्या मधलीला देवी आल्यात का?"

"अहो आई, हवेत काहीतरी असेल."

"अकराला हवेत काय असतं?"

मी काचा गोळा करायला लागले.

"तीस वर्षं पोस्टात सॉर्टिंग केलंय मी. शिक्क्यावरची वेळ बघून टपाल कुठे अडकलं ते सांगत होते. अकराला मी फोडणी घालते, एवढं कळतं मला."

"तसं नाही हो..."

"तसंच आहे. मला सांग, कारखान्यात ऑपरेटरची चूक सापडली की काय करायचीस?"

"सांगायचे."

"कसं?"

"सरळ. कागदावर लिहून, खाली सही घेऊन."

"मग मला का नाही सांगितलंस? मी काय पाहुणी आहे का इथे?"

मला रडू आलं. तोंडावर मास्क तसाच होता, तो आतून ओला झाला. मला वाटत होतं, मी त्यांचं मन जपतेय. खरं तर मी त्यांना माझ्या कामातली धरतच नव्हते. घरच्या म्हणून सांभाळत होते, बस. आणि त्या मात्र महिनाभर गुडघे दाबत ओट्याशी उभ्या होत्या, त्या ह्याच कामासाठी.

"रड नंतर," आई म्हणाल्या. "आधी कागद आण."

मी कागद आणला. त्यांनी स्वतः लिहिलं, पोस्टातल्या वळणदार अक्षरात. दोष: रंगात खड्डे. कारण: फोडणी. जबाबदार: मी. उपाय: रंगाच्या दिवशी फोडणी बंद. खाली पूर्ण नावाची सही. मग माझ्याकडे पेन दिलं. "इन्स्पेक्टरची सही कुठाय?"

गुरुवारी घरात गॅसवर फक्त भात शिजला. मेतकूट, ताक, काकडी. एक्झॉस्ट फॅन बंद, त्यावर ओला टॉवेल. बेझल मी शेवटची घासून स्वच्छ पुसली आणि बाल्कनीची फरशी तेल जाईपर्यंत साबणाने धुतली. आईंनी केसांना घट्ट रुमाल बांधला आणि खुर्ची टाकून दाराशी बसल्या, कोणी आत जाऊ नये म्हणून. शेजारच्या काकू भाजणी द्यायला आल्या, तर त्यांना जिन्यातूनच परत पाठवलं. भोसलेसाहेबांनासुद्धा इतकं जमलं नसतं.

पहिला कोट. मी श्वास धरून बघत होते. खड्डा नाही. दुसरा. तिसरा. संध्याकाळपर्यंत दोन्ही बेझल पाटीसारखी काळी आणि सपाट. मग ट्रंकेत ठेवून मंद आचेवर वाळवली, कारण रंग कच्चा राहिला तर पुढे बल्बच्या उष्णतेने त्याची वाफ होऊन काचेवर आतून बसते. शुक्रवारी नवी चिकट पट्टी लावून दिवे जोडले आणि बादलीत बुडवून पाहिले. एकही बुडबुडा नाही.

संध्याकाळी वानखेडे आला. दिवे बसवले, लावले. त्याने बोनेटवरून हात फिरवला, वाकून दोन्ही दिवे निरखले. मग म्हणाला, "मॅडम, बाबा खूश होतीन."

आई खाली आल्या होत्या. जिना उतरायला त्यांना दहा मिनिटं लागली होती. त्या म्हणाल्या, "बाबांना सांगा, तुमच्या दिव्यांपायी आम्ही बिनफोडणीचं जेवलोय. लग्नातलं जेवण जरा आमच्या वाटचंही जेवा."

तो दुसऱ्या आठवड्यात परत आला, लाडूंचा डबा घेऊन. येताना ऑफिसातले दोन मित्रही आणले, दोघांच्या गाड्यांसकट. सहा महिन्यांची मुदत संपली, ती कोणाच्या लक्षातही आली नाही.

आता वारज्यातच थोडं पुढे माझी शेड आहे. रंगाला वेगळी बंद खोली आहे, हवा गाळून घेणारं मशीन आहे. आईंनी सही केलेला कागद मी लॅमिनेट करून त्या खोलीच्या दारावर लावलाय. नवीन माणूस कामाला आला की आधी तो वाचायचा. काम बिघडलं की मी त्यांना एकच सांगते: रंग तपासा, मशीन तपासा, पण ज्याला सांगायला तुमची जीभ अडते, त्या माणसाकडे पहिल्यांदा जा. मी उलट केलं, आधी फिल्टर बदलत बसले आणि त्यात दुसऱ्यांदा मारलेला रंग वाया घालवला.

आई आता पंच्याऐंशीच्या आहेत. स्वयंपाकाला बाई येते, पण फोडणी त्या दुसऱ्या कोणाला घालू देत नाहीत. शेड घरापासून दोन किलोमीटरवर आहे. तरी रोज अकराला माझा फोन वाजतो.

"मोहरी टाकू का गं? रंग चालू नाही ना?"

रंग चालू असतो. मी हातातली गन बाजूला ठेवते आणि म्हणते, "टाका आई."