दिवसा लावलेलं फाटक

नोकरीसाठी मी पुण्याला निघालो त्या सकाळी आमच्या ढाळजेत पाय ठेवायला जागा नव्हती. ढाळज म्हणजे दारातून शिरताच लागणारी छपराची जागा. कुणीही यावं, टेकावं. ऊसतोडीचा ट्रक त्याच दिवशी निघायचा होता. भांडी, गोधड्या, कोंबड्या, सगळं आमच्याकडे. जाणारी प्रत्येक बाई आपल्या घराची किल्ली आईच्या हाती देई, आई ती भिंतीच्या खुंटीला अडकवी. मला मात्र ती म्हणाली, "तुला किल्ली कशाला लागंल? हितं दार उघडंच हाय."

वडील गेल्यावर ते दार मीच बंद केलं. केजच्या ठेकेदाराकडून ढाळज पाडून घेतली. तिथं काचेची बैठक, भिंतभर टीव्ही, पाहुण्यांसाठी अटॅच्ड बाथरूमची खोली. पुढे लॉन, भोवती भिंत, लोखंडी फाटक आणि बेल. हुरड्याला पुण्याचे मित्र आले, "काय फार्महाऊस आहे यार!" म्हणाले, आणि मी शहाणा फुगलो.

"परायव्हशी म्हंजी काय रं?" माझ्या तोंडचा शब्द उचलून आईनं एकदा विचारलं होतं.

"आपलं आपल्याला राहता येतं."

"मी तर एकलीच हाय. अजून किती आपलं आपल्याला?"

मी हसून वेळ मारून नेली. ते हसणं आता लई टोचतं.

शेळ्या लॉन खातात म्हणून फाटक लावून ठेव, असं तिला मीच बजावलं होतं. आमच्या गावात दिवसा लावलेलं दार म्हणजे तोडीला गेलेलं घर. तिथं कुणी हाक मारत नाही, बेल वाजवणं तर दूरच. त्याच गावात वाढलो, तरी हे माझ्या टाळक्यात आलं नाही.

यंदा दिवाळीनंतर मी घरीच होतो. आईनं जपून ठेवलेल्या जुन्या खुंट्या टीव्हीशेजारी ठोकून घेतल्या आणि वाट बघत बसली. कुणीच आलं नाही. शेवटी ट्रकचा हॉर्न वाजला तशी ती धावली. शेजारच्या गयाबाई ट्रकवरून ओरडल्या, "आवो काकू, दोनदा येऊन गेल्ते की! फाटक लावल्यालं. म्हनलं, तुमी बी गेल्या लेकाकडं. किल्ली दुकानात दिली बगा."

ट्रक गेला. आई आत आली, फाटकाचीच किल्ली तिनं खुंटीला अडकवली. म्हणाली, "असू दे, एक तरी."

मागं राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून गेलेल्यांनो, मी गाव सोडलं ते माझ्यापुरतं होतं. आईला मात्र मी घरात बसवून गावाबाहेर काढलं, आणि त्याला सोय म्हणालो. माझं घर आता कुठं, म्हणाल तर आई दुपारभर कुणाच्या हाकेसाठी कान लावून बसते तिथं. फाटक मी काढून टाकलंय. शेळ्यांनी लॉन केव्हाच फस्त केलं. माणसं अजून यायची आहेत.