दिग्गीचा चढ, बोलत बोलत

"नववीची सहल यंदा तुम्ही नेणार, की नव्या सरांना सांगू?" मुख्याध्यापिका बाईंनी हसत विचारलं, पण मला ते लागलं. मी पन्नाशी ओलांडलेला पीटी मास्तर. गेल्या वर्षीच्या सहलीत दिग्गी या डोंगरातल्या गावाच्या चढावरून अर्ध्यातून परतलो होतो. म्हटलं, आधी एकटा चढून येतो. नाही जमलं तर सहल नव्या सरांची.

बेळगावहून खानापूर, रामनगर करत जोयडा. बस कमी आहेत, सकाळची चुकवू नका. वनखात्याची परवानगी आधीच काढा. पुढे जीप, माणशी शंभर रुपये. रस्ता संपला तिथे उतरलो.

माझ्याबरोबर दिग्गीच्या सुनंदाअक्का उतरल्या. वय साठीचं, डोक्यावर रेशनचं पोतं. त्यांना दाखवायला मी झपाझप पुढे निघालो. तिसऱ्या वळणावर मांड्या पेटल्या आणि मी मटकन बसलो.

वर्गात हेच तर शिकवतो! पहिले काही क्षण स्नायूंतला तयार साठा पुरतो. मग मिनिट-दोन मिनिटं ऑक्सिजन अपुरा असतानाही साखर भराभर जाळली जाते, पाय पेटतात ते तेव्हा. तिसरी व्यवस्था संथ: श्वासाच्या जोरावर साखर आणि चरबी जाळत तासन्‌तास चालवते. मी पहिल्या दोन्ही तळाशीच उधळल्या होत्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

अक्का मागून आल्या, धाप नाही.

"मास्तर, घरात किती माणसं हाईत?"

"चार... का हो?"

"सांगत चला. आमच्यात वझं घिऊन चढणाऱ्याला इचारतच ऱ्हातात. बोलणं तुटलं की पाय आखूड टाकायचा. थांबायचं न्हाई."

"एवढंच?"

"व्हय. थोरलीचं लगीन झालं काय?"

मी उठलो. थोरलीचं लग्न, धाकटीची नोकरी, गळकं छप्पर, सगळं सांगितलं. वाक्य अडखळलं की पाऊल आखूड करायचो. मध्येच अक्कांनी गुळाचा खडा दिला. हळूहळू श्वास आणि पाय एका चालीत आले. जावयाच्या तक्रारीवर होतो, तर झाडांमागे भाताची खाचरं दिसली, घरं दिसली. दिग्गी! मी चक्क ओरडलो. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

"बोलणं न्हाई सरलं, चढ सरला," अक्का म्हणाल्या.

त्यांच्याकडे लाल भात, कुळथाची आमटी जेवलो. दोनदा वाढून घेतलं.

घरी आलो. पोटऱ्या अजून ठणकतात, जिना आडवा उतरतो. तसाच उतरून शाळेत गेलो आणि सहलीच्या अर्जावर, प्रमुख शिक्षक म्हणून, माझं नाव लिहिलं.