मंजुळाबाईंच्या चोवीस बाटल्या

पडेगावच्या पुढं, नाल्याकाठी मंजुळाबाईंची वस्ती. साठी ओलांडलेल्या या बाईंनी जन्मभर मेंढ्या राखल्या. नाला ज्या तळ्याला मिळतो, त्याच्याच पाण्यावर त्यांच्या चाळीस मेंढ्या उन्हाळा काढत. पण गाळ इतका साचला होता, की तळं फेब्रुवारीतच आटू लागलं.

तो गाळ काढायचा की नाही, हे राजेंद्र सरांच्या शिफारशीवर ठरणार होतं. सर शहरातल्या एका कॉलेजात शिकवत. उथळ पाणी वाहताना किती माती नेतं आणि कुठं टाकतं, याचं गणिती प्रारूप त्यांनी संगणकावर उभं केलं होतं. उतार, वेग, मातीच्या कणाचा व्यास, सगळं त्यात होतं. सर मात्र नाल्यावर कधी आले नव्हते. तिथं चिखल असतो.

म्हणून पुराच्या पाण्याचे नमुने भरायचं काम मंजुळाबाईंकडं आलं. पावसात भिजत त्यांनी चोवीस बाटल्या भरून पाठवल्या. निष्कर्ष निघाला: प्रवाहात गाळ नाहीच, तळं आणखी चाळीस वर्षं भरणार नाही. ते आधीच भरलंय, हे प्रारूपाला कुणी कळवलं नव्हतं. आलेख मात्र देखणा होता.

सुनेनं, ज्ञानेश्वरीनं, तो अहवाल वाचून दाखवला. बाई तिला घेऊन तडक कॉलेजात गेल्या.

"सायेब, गाळ नाय म्हंता? पुराचं पाणी चहावानी असतंय!"

"मावशी, तुम्हीच भरलेल्या बाटल्यांत गाळ नाही."

"कसा असंल? हंड्यात तुरटी फिरवली, दिसभर निवळू दिलं, फडक्यानं गाळलं, मग भरलं. शिकल्यासवरल्या माणसाला गढूळ पाणी देत्यात व्हय?"

सरांनी उठून खोलीचं दार लावून घेतलं. याच निष्कर्षावरचा त्यांचा शोधनिबंध छापायला गेला होता.

"हे कुणाला सांगू नका. एखादा गुणांक बदलून सांभाळून घेता येईल."

"गुणांक मेंढ्या पितील का? चला, तळं बघा."

सर पांढरे बूट घालून आले. काठाजवळचा वाळलेला पोपडा पाहून म्हणाले, "ही तर कठीण जमीन आहे." आणि त्यांनी पाऊल टाकलं. एक पाय मांडीपर्यंत गेला. तो सोडवताना दुसराही गेला.

"हात द्या, मावशी!"

मंजुळाबाईंनी हात पदराखाली घेतला. ज्ञानेश्वरीनं घरून लिहून आणलेला कागद पुढं केला. तळ्यातला गाळ तातडीनं काढावा, अशी शिफारस होती.

"आधी सही. मग वढते."

सरांनी रुतल्या रुतल्या सही केली.

"तारीख पण घाला, सर," ज्ञानेश्वरी म्हणाली.